चिंचेवरचे बगळे

वऱ्हाडात बगळा न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. वावरात डवरणी सुरू झाली, की बैलांच्या मागे पांढरे बगळे चालू लागतात. नाल्याच्या डोहावर एक मातकट बगळा मान आखडून बसलेला असतो. एखादा म्हशीच्या पाठीवर बसून फुकटची सवारी करतो. रोज दिसतो, म्हणूनच आपण त्याच्याकडे पाहत नाही. कोणी विचारले, "बगळ्याच्या पायांचा रंग कोणता हो?" तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो.

आता घरोघर मोबाईल आला आहे. त्यात कॅमेरा आहे. पोरगा, सून, म्हातारा, जो तो फोटो काढतो. पण बगळ्याचा चांगला फोटो काढून दाखवा, म्हटले तर जमत नाही. का जमत नाही, ते एका घरच्या गोष्टीवरून सांगतो.

अकोला जिल्ह्यात पूर्णा नदीच्या अंगाला एक गाव आहे. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरी खणाव्या तर पाणी खारे लागते. म्हणून पावसाचे गोडे पाणी साठवणारे गावतळे तिथे फार मोलाचे. माणसाला मोलाचे, गुराला मोलाचे आणि बगळ्यालाही मोलाचे. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर एका आजीचे घर आहे. अंगणाच्या कडेला एक मोठी चिंच आहे. मृगाचा पाऊस झाला, की त्या चिंचेवर बगळे घरटी करतात. आजी लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हाही ती करीतच होते.

आजीचा नातू अकोल्याला कॉलेजात शिकतो. एका पावसाळ्यात तो सुटीला गावी आला. नवा मोबाईल होता. त्याने ठरवले, बगळ्याचे फोटो काढायचे. सकाळी तो तळ्यावर गेला. बगळा दिसला, की हा सरळ त्याच्याकडे चालू लागे. पंचवीस पावलांवर आला, की बगळा उडे. चार दिवस हेच झाले. मोबाईलमध्ये काय आले? कुठे नुसती शेपटी, कुठे आभाळातला एक पांढरा ठिपका.

नातू कंटाळून घरी आला.

"आजी, बगया थांबतच नाही वं. जवळ गेलो का उडला."

आजी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तू त्याच्या अंगावर धावून जातं. मंग तो थांबन काय? बैलाले भेतो काय तो? बैलासारखा चाल."

आजी शाळेत कधी गेली नव्हती. अक्षर तिला आता म्हातारपणी, रात्रीच्या वर्गात भेटले. पण तिचे हे बोलणे अगदी शास्त्राला धरून होते.

बगळ्याला कोण मारते? जो त्याच्याकडे रोखून पाहत सरळ येतो, तो मारतो. कुत्रा तसाच येतो, मांजर तसेच येते, गलोल घेतलेला पोरगाही तसाच येतो. बैल मात्र मान खाली घालून, आपल्या तंद्रीत, थांबत थांबत चालतो. त्याच्या पायाने गवतातले टोळ आणि किडे उडतात, ते बगळ्याला आयते मिळतात. म्हणून बगळा बैलाला भीत नाही. उलट त्याच्या मागे लागतो. हल्ली ट्रॅक्टरच्या मागेही लागतो. त्याला यंत्राचे भय नाही. भय आहे ते रोखलेल्या डोळ्याचे.

इंग्लंडात यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. तिथले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ पक्ष्यांचे फोटो काढीत. १८९२ साली त्यांनी अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडाची मोठी पेटी. ती घेऊन पाखराजवळ जायचे कसे? त्यांनी एका बैलाचे कातडे घेतले, आत लाकडाचा सांगाडा बसवला आणि पोकळ बैल तयार केला. एक भाऊ त्या बैलाच्या पोटात वाकून उभा राही, आणि तिथून फोटो काढी. एकदा तर तो बैल आतल्या माणसासकट उलटला. चारी पाय आभाळाकडे! आपल्याला एवढी खटपट नको. आपल्या दावणीला खरा बैल आहे.

नातवाने मग तेच केले. काकाचा डवरा चालू होता. तो डवऱ्याच्या मागे, काकाच्या पावलात पाऊल टाकून चालू लागला. बगळ्याकडे पाहायचे नाही, मोबाईल छातीशी धरायचा, हळूच बोट दाबायचे. तिसऱ्या तासाला गायबगळा त्याच्यापासून आठ हातांवर होता. टोळ चोचीत धरलेला फोटो मिळाला. त्यात टोळाच्या तंगड्यासुद्धा दिसत होत्या.

तळ्यावरचा बगळा मात्र बैलामागे येत नाही. त्याच्यासाठी वेगळी रीत. सूर्य आपल्या पाठीमागे राहील अशी जागा धरावी. सकाळी उजाडल्यावर पहिले दोन तास चांगले, कारण ऊन कोवळे असते. पांढरे धोतर, लाल लुगडे नको. मातीच्या रंगाचे कापड बरे. काठावर बाभळीच्या बुडाशी बसावे आणि बसूनच राहावे. आपण बगळ्याकडे जायचे नाही, बगळ्याला आपल्याकडे येऊ द्यायचे. तो मासे शोधत काठाकाठाने फिरतो, म्हणजे केव्हातरी समोर येतोच. आपण ज्याला बकध्यान म्हणून हसतो, ते ध्यान इथे माणसाला लावावे लागते. जागा बदलायचीच असेल तर सरळ न जाता तिरपे जावे. बगळ्याने मान उंच ताणली, की तो भ्याला असे समजावे. तिथेच थांबावे. मान पुन्हा आखडली, की आणखी चार पावले.

दोन गोष्टी मोबाईलच्या. पहिली, चित्र बोटांनी ताणून मोठे करू नये. तसे केले तर बगळा जवळ येत नाही, नुसते चित्र फुटते. फोटो लहान आला तरी चालेल, पण स्वच्छ यावा. दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. उन्हातला पांढरा बगळा फोटोत चुन्याच्या डागासारखा येतो. पिसे दिसत नाहीत, पंख दिसत नाही. तेव्हा पडद्यावर बगळ्यावरच बोट टेकवावे. बहुतेक मोबाईलवर तिथे सूर्याचे लहानसे चिन्ह येते. ते थोडे खाली ओढले, की उजेड कमी होतो. मागचे पाणी काळसर होते आणि बगळ्याचे एकेक पीस उमटते. नातवाला हे कळायला आठवडा लागला. तुम्हाला तेवढा लागू नये, म्हणून सांगितले.

फोटो चांगले येऊ लागले, तसा एक घोटाळा दिसला. बगळा एक नाही, अनेक आहेत!

आजी आणि नातू दोघे कंदिलासारखा मोबाईल मध्ये ठेवून फोटो पाहत बसत. बैलामागचा तो गायबगळा. त्याची चोच पिवळी आणि मान आखूड. एरवी पांढराशुभ्र, पण पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी रंग चढतो, जणू कोणी हळदीत कुंकू कालवून लावले. तळ्यातला सडपातळ तो लहान बगळा. त्याची चोच काळी, पाय काळे, आणि पंजे मात्र पिवळे. आजी म्हणाली, "यानं तर पिवये मोजे घातले!" त्याच्यासारखाच पण मोठा, लांब मानेचा, तो मोठा बगळा. डोहावर बसतो तो मातकट भुरा बगळा. त्याला ढोकरी किंवा वंचकही म्हणतात. वंचक म्हणजे फसवणारा. नाव बरोबर आहे. चिखलात बसला तर चिखलच वाटतो. पायाखाली येईस्तो दिसत नाही. अचानक उडतो तेव्हा पांढरे पंख उघडतात, आणि हा एवढा वेळ होता कुठे, असे वाटते. धरणावर राखी बगळा भेटतो. तो सगळ्यांत थोराड, माणसाच्या कमरेला लागेल इतका. आणि दिवेलागणीला डोक्यावरून "क्वॅक, क्वॅक" करीत जातो तो रातबगळा. दिवसा झोपतो, रात्री मासे धरतो.

या सगळ्यांची एक खूण सारखी आहे. बगळा दूरवर उडताना मान मुडपून घेतो. करकोचा मान लांब काढून उडतो. एवढे ध्यानात ठेवले, की आभाळातला पक्षी बगळा आहे की करकोचा, हे खालून सांगता येते.

पाखरांची मराठी नावे गावोगाव निराळी असतात. मारुती चितमपल्ली या वनाधिकाऱ्याने ती हिंडून हिंडून गोळा केली आणि 'पक्षिकोश' लिहिला. त्यांची बरीच नोकरी विदर्भाच्या जंगलात गेली. आपल्या मेळघाटातही ते होते. २०२५ साली ते वारले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, आणि पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० सालापासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

आता गोष्टीतला कठीण भाग येतो.

नातवाची हौस वाढली. तळे झाले, वावर झाले. आता त्याला घरट्याचा फोटो हवा होता. चिंचेवर तेव्हा एकोणीस घरटी होती. हा आकडा आजीचा. ती रोज सकाळी झाडाखाली उभी राहून मोजे आणि वर्गाच्या वहीत लिही. "आज घरटी १९." अक्षर वाकडे, पण आकडा बरोबर.

बगळ्याचे घरटे म्हणजे काड्यांचा नुसता पसारा. सुगरणीची कारागिरी तिथे नाही. खालून पाहिले तर काड्यांमधून आभाळ दिसते. त्यात फिकट निळसर-हिरवी तीन ते पाच अंडी. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी पिल्ले निघतात. अंगावर विरळ पिसे, डोळे मोठे, पोट त्याहून मोठे. दिसायला गोजिरवाणी म्हणता येणार नाहीत. आईबाप बेडूक, मासे, टोळ गिळून आणतात आणि पिल्लांसमोर ओकतात.

नातू एका दुपारी शेजारच्या घराच्या टिनावर चढला. तिथून घरटे हाताच्या अंतरावर होते. टिन वाजले, तसे सगळे बगळे एकदम उडाले. हा फोटो काढीत राहिला. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. बगळे झाडावर घिरट्या घालीत होते, पण उतरत नव्हते. कावळे याचीच वाट पाहत होते. ते दोन घरट्यांतली अंडी घेऊन गेले. एक पिल्लू भिऊन मागे सरकत सरकत काठावर गेले आणि खाली पडले. अंगणातल्या कुत्र्याने ते उचलले.

आजी ओरडली. पण सगळे होऊन गेले होते.

संध्याकाळी नातवाने फोटो दाखवला. फोटो सुरेख होता. तीन पिल्ले, चोची उघडलेल्या, डोळे थेट कॅमेऱ्याकडे. तो म्हणाला, "पाय आजी, कसे चारा मांगू राह्यले."

आजीने फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "चारा नाही मांगत बाप्पा. तुले भेऊ राह्यले. माय जवळ असती तर माना वर करून तिच्याकडे पाह्यलं असतं."

नातू गप्प झाला. दुसऱ्या दिवशी आजीच्या वहीत होते: "आज घरटी १७."

त्यानंतर तो टिनावर चढला नाही. आपल्याच ओसरीत, खांबाला टेकून बसू लागला. बगळ्यांना ओसरीतल्या माणसांची सवय होती. तिथे भांडी घासली जात, लेकरे खेळत, त्यांचे काही वाटत नसे. तिथून फोटो लहान येई. पण त्या फोटोतला बगळा आपले काम करीत असे. कोणी काडी आणतो आहे, कोणी ती घेतो आहे, कोणी पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभा आहे. एका फोटोत लहान बगळ्याच्या पाठीवरची झिरझिरीत पिसे वाऱ्याने उडाली होती, सुताच्या लडीसारखी. ही पिसे विणीच्या दिवसांतच येतात.

या पिसांनी एके काळी बगळ्यांचा घात केला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या आणि अमेरिकेतल्या श्रीमंत बायका टोपीत बगळ्याची पिसे खोवीत. पिसांना मोठा भाव होता. पिसे येतात विणीच्या काळात, म्हणून शिकारी घरट्यांवरच जात. मोठे बगळे मारून पिसे उपटीत, आणि पिल्ले घरट्यात उपाशी मरत. आपल्या देशातूनही पिसे बाहेर जात. १९०२ साली सरकारने पिसे परदेशी पाठवायला बंदी केली.

१९०६ साली ऑस्ट्रेलियात आर्थर मॅटिंग्ले नावाचा पक्षिमित्र एका दलदलीत बगळ्यांचे फोटो काढायला गेला. त्याच्या आधी शिकारी तिथे येऊन गेले होते. मोठे बगळे मरून पडले होते आणि घरट्यांत भुकेली पिल्ले माना टाकत होती. त्याने त्याचेच फोटो काढले. ते फोटो इंग्लंडात गेले. १९११ साली लंडनच्या रस्त्यांवर माणसे त्या चित्रांच्या पाट्या अंगावर अडकवून फिरली. टोपीवरचे पीस कुठून येते, ते बायकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १९२१ साली तिथे पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा झाला. मॅटिंग्लेचा कॅमेरा आणि नातवाचा मोबाईल, दोन्ही घरट्यापाशीच गेले होते. काय केले, त्यात फरक आहे.

आपल्याकडे १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्या कायद्यात बगळा मारणे तर गुन्हा आहेच, पण अंडी काढणे, घरटे मोडणे यालाही शिकारच म्हटले आहे.

पण कायदा सांगून शेजारी ऐकतो असे नाही. आजीचा शेजारी भला माणूस होता. त्याचेही म्हणणे खोटे नव्हते. चिंचेची एक मोठी फांदी त्याच्या पाण्याच्या टाकीवर आली होती. बगळ्यांची घाण टाकीत पडे. मासळीचा वास सुटे. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची टाकी घाण झाली, तर माणसाने करावे काय? तो कुऱ्हाड घेऊन आला.

"काकू, झाड छाटून टाकतो. लेकरं आजारी पडतीन."

आजी म्हणाली, "पोळ्यापर्यंत थांब भाऊ. पिल्लं हायेत त्यात."

तोवर काय, हा प्रश्न होता. नातवाने आणि शेजाऱ्याने मिळून टाकीवर जुनी ताडपत्री ताणून बांधली. आजी रोज सकाळी खालची जागा झाडून ती घाण राखेत मिसळून उकिरड्यात टाकू लागली. खत बरे होते त्याचे.

पोळा आला. बैल सजले, तोरणाखाली गेले. शेजारी पुन्हा आला. नातवाने त्याला बसवले आणि ओसरीतून काढलेले फोटो एकामागून एक दाखवले. टाकीवरच्या त्याच फांदीवर एक घरटे होते. फोटोत बाप पंख पसरून उन्हात उभा होता आणि पिल्लांची तोंडे त्याच्या सावलीत होती. शेजाऱ्याने फोटो पुन्हा पाहायला मागितला. मग टाकीकडे पाहिले, झाडाकडे पाहिले.

"हे माह्याच टाकीवरचं हाय काय?"

"हो."

"अन् किती दिवस लागतीन याईले?"

आजीने वही आणली. पिल्लू कधी निघाले, ते तिने लिहून ठेवले होते. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून तिने तारीख वाचली. मग बोटांवर मोजून म्हणाली, "घट बसेपर्यंत."

"बरं," शेजारी म्हणाला, आणि पुरणपोळी खाऊन गेला.

तुमच्या गावात असे झाड नसेल, तर हिवाळ्यात तळ्यावर जा. पाणी आटू लागले, की मासे थोड्या जागेत गोळा होतात आणि बगळेही तिथेच जमतात. अमरावतीकरांना छत्री तलाव आणि वडाळी तलाव जवळ आहेत. अकोल्याला कापशीचा तलाव आहे. महानचे काटेपूर्णा धरण आहे. त्याच्या भोवतीचे रान १९८८ सालापासून अभयारण्य आहे. तिथे गेलात, तर बगळा मासा कसा धरतो, ते एकदा पाहा. पाण्यात काठी बुडवली, तर ती वाकडी दिसते. तसाच मासाही असतो एकीकडे आणि दिसतो दुसरीकडे. बगळा तेवढा फरक धरूनच चोच मारतो. चोच मारण्याआधी मान मागे जाते. बोट तेव्हाच दाबा, नंतर नाही. नंतर फक्त पाण्याचा शिंतोडा येतो.

चिंचेवरची पिल्ले एकेक करून फांद्यांवर चढली, मग तळ्यापर्यंत उडू लागली. आजीचा आकडा रोज उतरत गेला. सात, चार, दोन. घट बसले त्या सकाळी तिने लिहिले: "आज एकही नाही." त्यानंतर शेजाऱ्याने टाकीवरची तेवढी एक फांदी छाटली. बाकीचे झाड तसेच आहे. वारा सुटला, की जुन्या घरट्यांच्या काड्या अंगणात पडतात. आजी त्या चुलीसाठी वेचते.